आतला माणूस सत्तर किलोचा

"हॅलो?… हां, बोल गं. … हो, कॉलेजातच आहे. मुलं गेली सगळी, खोलीला कुलूप लावत होते. … काय? … कोण मेलं?"

बाईंच्या हातातली किल्ली तशीच राहिली. फोनवर धाकटी बहीण होती आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर लागला होता.

"कुठली आजी? आपल्याकडे आता आजी कुठाय?… हां. हां, संगणकातली आजी. मग आधी तसं म्हण ना, काळजाचं पाणी झालं माझ्या."

बाई वैद्यकीय महाविद्यालयात शरीराचं कामकाज शिकवायच्या. हृदय, रक्तवाहिन्या, फुप्फुसं, मूत्रपिंडं एकमेकांना कशी सांभाळून घेतात त्याची गणितं मांडून त्यांनी संगणकात एक माणूस उभा केला होता. तिशीतला, धडधाकट, सत्तर किलोचा पुरुष. रक्त काढलं की त्याची नाडी धावायची, सलाइन चढवलं की रक्तदाब सावरायचा, आणि मुलांनी घोळ घातला की तो मरायचा. मुलं त्याला काका म्हणायची. यंदा विभागप्रमुखांनी एका कंपनीकडून काकांच्या जोडीला आणखी तिघं करून घेतली होती: एक बाळंतीण, एक कोवळा खेळाडू आणि पंचेचाळीस किलोची एक आजी. आज सकाळच्या परीक्षेत पहिल्या वर्षाला असलेल्या भाचीच्या वाट्याला आजी आली होती. भाचीची परीक्षा, म्हणून बाई तिकडे फिरकल्यासुद्धा नव्हत्या.

"नापास झाली तर झाली. … जेवली नाही? भूक लागली की जेवेल. … अगं ऐक ना. … नाही, सरांना मी असलं काही सांगणार नाही. … रुग्ण मरायलाच नको म्हणजे?… किती पालकांनी?… सह्या घेताय तुम्ही?"

बाई परत आत येऊन खुर्चीत बसल्या.

"म्हणजे तुम्ही आईबापांनी मिळून संगणकातल्या माणसाला अमर करायचं ठरवलंय, असं समजू का मी?… हसत नाहीये. मला संताप आलाय. … अगं, मरतो म्हणून तर तो कामाचा आहे. इथं मेला तर बटण दाबलं की उठून बसतो. वॉर्डातल्या माणसाला कुठलं बटण आहे?… मन मोडतं, हो. इथंच मोडू दे. … मी दगड आहे. बरं. दगड तर दगड. … काय म्हणालीस?… हॅलो? कोण, छकू?"

पलीकडे भाचीनं आईच्या हातून फोन ओढून घेतला होता.

"ही काय पद्धत झाली?… बोल. … म्हणजे सह्यांचं तुला माहीतच नाही?… मग रडत कशाला होतीस?… रागानं?… कुणाचा राग?… माझा? मी काय केलं तुझं?… सावकाश. पहिल्यापासून सांग."

छकू सांगत गेली तशा बाई एकेक वाक्य परत म्हणून बघत होत्या. वर्गातली सवय.

"आजीला रक्तस्राव होतोय, थांबत नाही. … दर दहा मिनिटांना अंगातल्या रक्ताचा दहावा हिस्सा जातोय. … जातं तेवढं भरत राहायचं. … हो, पंचेचाळीस किलोची म्हातारी, म्हणजे अंगात रक्त तीन लिटरच्याही आत. … मग तिचा दहावा हिस्सा तू पाव लिटरच्या जरा वर धरलास. बरोबर. तेवढंच देत राहिलीस. बरोबर. … आणि ती मेली?… छे. कुठंतरी चुकली असशील. … आवाज चढवत नाहीये. … बरं, चढवला. पण जातं तेवढं भरलं तर माणूस असा मरत नाही गं, ते गणित मीच शिकवलंय. … आणि बाकीच्यांनी काय दिलं?… प्रत्येक वेळी अर्धा लिटर? म्हातारीला? वजन न बघता?… आणि ते पास?"

बाई उठल्या. फोन कान आणि खांद्यात धरून त्यांनी शेजारशेजारची दोन यंत्रं सुरू केली.

"थांब, ठेवू नकोस. … काही नाही, खुर्ची सरकवली. … एका पडद्यावर काका घेतले, दुसऱ्यावर आजी. दोघांनाही तोच रक्तस्राव. दोघांनाही तू दिलंस तेवढंच देतेय. … हो, तुझं बरोबर की चूक ते बघते. म्हातारी तगायला हवी आणि काका जायला हवेत. त्यांना एवढंसं कुठून पुरणार?"

पडद्यावरची आजी गोड हसत होती. पांढरे केस, चष्मा, गालावर सुरकुत्या. तिच्याखाली नाडीची हिरवी रेघ पळत होती. बाईंनी मान वळवून काकांची रेघ बघितली. मग परत आजीची. मग त्यांनी दोन्ही पडदे ओढून एकमेकांना चिकटवले.

"आहे. आहे मी. … छकू, दोघांची नाडी एकच आहे. सारखी नव्हे, एकच. इथं उडी मारली की तिथं मारते. … दाबही तोच. … गेले. दोघंही एकाच क्षणी गेले."

त्यांनी बाळंतीण लावली. मग खेळाडू. दोघांनीही काकांच्याच मरणानं मान टाकली.

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणतात ना? यांनी काकाच्या मिशा काढून त्यालाच आत्याबाई केलंय. … अगं, चेहरे बदललेत फक्त. नाव, वय, वजन, सगळं वरच्या पाटीवर. आत तोच सत्तर किलोचा पुरुष. … हो. तू म्हातारीपुरतं रक्त देत होतीस आणि आतला पुरुष त्याच्या हिशेबानं सांडत होता. दर वेळी तूट वाढत गेली. … नाही, तुला दिसणारच नव्हतं. गेलेलं रक्त टक्क्यांत दाखवतात, लिटरात नाही. … नाही बाळ. तू चुकली नाहीस."

पलीकडे फुटलेलं रडं बाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज आणखी खाली गेला. त्या खऱ्या चिडल्या की तो खाली जायचा.

"मी सरांना गेल्या वर्षीच सांगितलं होतं, बाईचं शरीर हवं तर सगळं गणित नव्यानं मांडावं लागेल. वर्ष जाईल. ते मान डोलावून गेले आणि यंदा महिन्याभरात तिघं तयार करून आणली. आत काय आहे ते दाखवा म्हटलं, तर कंपनीचं गुपित. … गुपित कसलं? माझाच माणूस. … आईला म्हणावं, नापास होण्याचं दुःख राहू दे बाजूला. जे पास झालेत त्यांचा विचार कर. ती पोरं उद्या खऱ्या म्हातारीला डोळे झाकून पुरुषाचा डोस देतील. तिच्या छातीत पाणी भरेल आणि हे म्हणतील, आम्हाला परीक्षेत पैकीच्या पैकी होते. … थांब. सर आलेत. ठेवू नकोस, ऐक तूही."

विभागप्रमुख दिवे दिसले म्हणून डोकावले होते. बाईंनी फोन टेबलावर तसाच चालू ठेवला आणि काका नि आजी यांना पुन्हा दोन पडद्यांवर आणलं.

"या सर. नाही, इकडे बसा, दोन्ही पडदे दिसतील. … बघितलंत?… योगायोग? चौघांचा?… तुम्हाला माहीत होतं."

सर चष्मा पुसू लागले.

"पहिल्या वर्षाच्या मुलांना कुठं कळतंय, म्हणता. एका मुलीला कळलं, सर. तिला आपण नापास केलंय. … सोमवारी बाहेरची कॉलेजं ही चौघं बघायला येतायत, ठाऊक आहे मला. … नाही, नंतर दुरुस्त नाही करायचं. आत्ता. काका माझे आहेत, मी त्यांना काढून घेतेय."

त्यांनी चार-दोन कळा दाबल्या. आजीच्या खालची हिरवी रेघ सरळ झाली आणि गेली. चष्म्यातली आजी हसत राहिली. तिच्या खाली ना नाडी, ना दाब.

"सोमवारी काय दाखवू म्हणजे? खरं दाखवा. आमच्याकडे एकच माणूस आहे म्हणा, आणि तो पुरुष आहे म्हणा. तेवढा मी परत लावून देईन, त्याच्याच नावानं. आजची परीक्षा रद्द करताय हे आधी लिहून द्या. … हो, सगळ्यांची. … बसते मी. सावकाश लिहा."

सरांनी खिशातलं पेन काढलं तेव्हा बाईंनी फोन उचलला.

"छकू?… ऐकलंस ना?… नाही, तू पास झाली नाहीस. मावशी आहे म्हणून मी तुला पास करणार नाही. परीक्षाच पुन्हा होईल. … जे पास झालेत त्यांचीही. … चिडतील, हो. चिडू देत. मी त्यांच्याआधी चिडलेय. … जेव आता. ठेवते."