सुभेदाराच्या नकाशात दक्षिण वर

...आनि दक्षिण वर! आवं, दक्षिण कवा वर आस्ती का? साळंतलं चौथीचं पोरगं धरून इचारा, त्ये सांगंल, उत्तर वर, दक्षिण खाली. पर आमचं सुभेदार काय म्हंत्यात? "नाथाजी, कापड भुईला हातरलं हुतं, मी त्या अंगाला बसून काढलं, माझ्याकडनं उत्तर वरच हुती." म्हंजी आता समद्या गावानं त्या अंगाला जाऊन बसायचं? तुमास्नी सांगतो, ह्याला नकाशा म्हनायचा?

थांबा. तुमी म्हनाल, ह्यो गडी कशापायी एवढा पेटलाय. सांगतो.

आमचं गाव तासगावच्या पल्याड, आटपाडीच्या अल्याड, म्हंजी धड द्राक्षंबी न्हाईत आनि धड मेंढरंबी न्हाईत. गावात आळ्या दोन, वरली आनि खालची. जत्रंला नाटक व्हायाचं, त्ये एका साली वरल्या आळीचं, दुसऱ्या साली खालच्या. वरल्या आळीकडं वनवासाच्या पोथीचा मान, रानातली झोपडी, रानी, राक्षस आनि काय काय. खालच्या आळीकडं भाऊबंदकीच्या पोथीचा मान, फाशे, गदा, लढाई. नावं कशाला घिऊ, तुमास्नी ठावं हाईत. आनि सोंगंबी मानाची बरं का. खालच्या आळीत राजाचं सोंग आमच्या घराचं. आज्यानं केलं, बापानं केलं, बाप गेला तवा माझ्याकडं आलं, आनि माझं साल आलं त्ये कुठलं? बहात्तरचं! पाऊस न्हाई, दाना न्हाई, समदं गाव खडी फोडाय रस्त्यावर. जत्रंत नारळ तेवढा फुटला. नाटक कोन करतंय?

म्होरल्या साली आमी म्हनलो, आमचं नाटक ऱ्हायलंय, त्ये आदी. वरली आळी म्हनली, "तुमचं साल दुष्काळानं खाल्लं, त्याला आमी काय करू? हे साल आमचं." आता दुष्काळाचं साल मोजायचं का न्हाई मोजायचं? देवळात बैठका बसल्या, पान-तंबाखू संपली, मानसं घोंगड्या झटकून उठली, परत बसली... आनि शेवटाला निकाल काय लागला? दोनी नाटकं एकात एक मिसळून करायची. एकच मांडव, एकच रात, एकच पेटीवाला. आमटीत खीर वतल्यावानी.

मला तर बोलायची सोय न्हवती. कारन काय, आमच्या पोरीचं, अंजनाचं, लगीन उंब्रजला जमत आलेलं. उंब्रज म्हंजी ऊस, हमरस्त्याला लागून रान, पोरगा मिलिट्रीत. त्याचा बाप, जोतीरामअण्णा, जत्रंला येनार, घर-दार बगून हो का न्हाई सांगनार. आमी कोरडवाहू मानसं. दाखवाय हाय काय? बैल चाऱ्याच्या छावनीतनं आले त्ये हाडं मोजून घ्यावी आसं. एक राजाचा मान तेवढा शिल्लक. आमची हरणाबाई म्हनली, "आवं, त्या दिशी तरी नीट दिसा." म्हनलं, नीट? जरीचा शेला, डोक्याला मुकुट, सिंहासनावर बसून राज्य चालवनार तुजा नवरा. पाव्हण्याचं डोळं दिपाय पायजेत.

आनि हितंच सुभेदार आडवा आला.

लालासाहेब सुभेदार, वरल्या आळीचा, फौजेतनं पेन्शनीत आलेला. म्हनला, "वनवासातला राजा लढाईच्या मैदानात जानार कुठल्या रस्त्यानं? नक्शे के बिना फौज नहीं हिलती!" आता दोन पोथ्यांत किती हजार वर्सांचं अंतर, तिथं रस्ता कसला? पर न्हाई. तासगावास्नं बेदाण्याच्या शेडवरचं जुनं कापड आनलं, देवळाम्होरं हातरलं, आनि बसला की ब्रश घिऊन उकिडवा. काय काढलं इचारा. घनदाट रान कुठं? आटपाडीला! जितं सावलीला बाभळ गावत न्हाई, तितं ह्याचं घनदाट रान. लढाईचं मैदान तासगावात, द्राक्षाच्या मांडवाखाली. म्हनलं, सुभेदार, रथ जानार कसा, वाकून? तर म्हनला, "जबान सँभाल के बात करो." समुद्र कुठं? आमच्या दोन आळ्यांमदला ओढा! त्या ओढ्यात दोन सालं चिमनीची चोच भिजली न्हाई. आनि समुद्राच्या अल्याड वरली आळी, तिथं वनवासातल्या राजाची राजधानी. पल्याड खालची आळी... तिथं राक्षसांची नगरी. आनि त्या नगरीत मधोमध कुनाचं घर? गोठ्यासकट, उकिरड्यासकट? माझं! ह्याला नकाशा म्हनायचा?

बरं, कापडावर काढलं तर काढलं. पर सुभेदारानं सोंगं वाटली ती नकाशा बगून. "ज्याचं घर जिथं, त्याचं सोंग तिथलं. नाथाजी, तुजं घर राक्षसनगरीत, तू राक्षसांचा राजा." म्हनलं, आवं, आमच्या आज्यापास्नं... "हुकूम हाय!" राजा तर राजाच हाय म्हनला, तक्रार कसली. मी बैठकीत उठलो, खालच्या आळीकडं बगितलं, म्हनलं बोला की कोनतरी. तर आमच्याच आळीतला गुंडा नावाचा गडी म्हनतो, "जाऊं द्या नाथामामा, मिश्या तुमास्नी शोभत्यात." आसली आळी!

जत्रंचा दिवस. जोतीरामअण्णा आलं, फेटा, कोट, म्होरल्या सतरंजीवर बसलं. मागं कापड टांगल्यालं, दक्षिण वर. सोंग आसं की मी साधू हून झोपडीम्होरं भिक्षेला जायाचं, रानीनं ती आखल्याली रेघ ओलांडून भाईर यायाचं, आनि मी तिला उचलून पळवायची. रानी कोन? सिद्धू. तालमीतला गडी, मला दोन हातांनी हलंना. होनाऱ्या व्याह्याम्होरं मी परक्याची बायकू पळवनार, आनि तीबी मला उचलंना अशी! घामानं भगवा भिजला माझा. पर मानाला जागलो. म्हनलं, "माई, भिक्षा वाढ."

सिद्धूनं पदर सावरला, पाऊल उचाललं, आनि सुभेदारानं बाजूनं काठीनं नकाशावरची रेघ दाखिवली. तांबडी, जाड, झोपडीपास्नं ओढ्यापतोर. तवर बायकांतनं धोंडुबाई उठली. आमची भावकीतली थोरली म्हातारी. "सुभेदार, ती रेघ माज्या बांधावरल्या लिंबाच्या आत कशी आली?"

सिद्धूचं पाऊल तसंच वर.

तर त्योच गुंडा, तिच्या शेजारच्या रानाचा मालक, आमच्या नाटकातला सेनापती, गदा घिऊन पडद्यामागनं भाईर आला. "आत न्हाई काकी, बरूबर हाय. बांध तितंच हुता. तुमी सरकावला." झालं! कारन सुभेदारानं झोपडी काढली हुती ती, आटपाडीच्या रानात जागा उरली न्हाई म्हनून, ह्या दोघांच्या विहिरीपाशी, आनि आमच्या गावात कापडावर रेघ दिसली की ती बांधाचीच. तिला दुसरं कामच न्हाई. धोंडुबाई ष्टेजावर चढली. तिच्यामागं निम्मं गाव चढलं. दोनी फौजा, रानातली आनि रणातली, नकाशाला नाक लावून उभ्या, जो त्यो आपलं रान हुडकतोय. गदा आडवी धरून मापं चाल्ल्यात. "दीड गदा आत हाय!" "उलटी धर की गदा!" रानीबी गेली, पदर खोचून, आपली वैरनीची गंज सापडंना म्हनून. आनि मी? मी कटोरा घिऊन उभा, "माई, भिक्षा वाढ... माई, भिक्षा वाढ..." कोन वाढतंय!

तवर बगतो तर जोतीरामअण्णाबी उठून ष्टेजावर. म्हनलं, संपलं. पोरीचं सोनं मातीत गेलं.

मारामारी हुनार, तवर सुभेदारानं काठी आपटली. "ही रेघ कुनाची? मी काढली, पर हाय पोथीतली. ही ओलांडली त्याचं म्होरं काय झालं, ठावं हाय न्हवं? आता कोन ओलांडतंय, फुडं या." आनि काय सांगू... धोंडुबाईनं कानाला हात लावला. गुंडा गदा खाली ठिवून मागं सरला. म्हनला, "ऱ्हाऊ द्या तितंच." ज्या बांधापायी दोन घरं एकमेकांच्या मयताला गेली न्हाईत, त्यो बांध मिटला! नाटक मातूर तितंच ऱ्हायलं. रानी पळवल्याबिगर लोकं घरला गेली.

सकाळी अण्णा चहा पितापिता म्हनलं, "अंजना पसंत हाय आमास्नी." माझा जीव भांड्यात पडला. "हुंडा नगं, मानपान नगं. एकच करा. माझ्या धाकट्या भावाचा आनि माझा बांध, मोजनी झाली, कोर्ट झालं, आयुष्य निम्मं गेलं. त्यो तुमचा नकाशावाला मानूस उंब्रजला घिऊन या. तसलीच एक रेघ मारून द्या म्हनावं."

गेलो. काय करता? पोरीचा बाप. टोपी हातात घिऊन सुभेदाराच्या सोप्याला गेलो. ह्यो दाढी करत हुता, आरशातनंच म्हनला, "राक्षसनगरीतनं पाव्हणा आला वाटतं. येतो की. रंगाचा डबा तू धरायचास."

धरला. उंब्रजच्या उसाच्या बांधावर कापड हातरल्यालं, ह्यो उकिडवा, मी शेजारी डबा घिऊन, दोनी भाऊ कानाला हात लावायच्या तयारीत. तवर अण्णांनी मान वाकडी केली आनि मला बाजूला घिऊन हळूच इचारलं, "व्याही, ह्यात दक्षिण वर कशी वो?"

मी डब्यातला रंग ढवाळला. म्हनलं, "वरच आस्ती, अण्णा. आमच्याकडं आज्याच्या येळंपास्नं वरच हाय."