साडभावाची गाडी मी पसंत केली

माहा जनम सालेकशाकडचा, जंगलालगतच्या एका लहान गावचा. नाव सांगून काय करता, रेल्वेत बसले तं खिडकीतून गाव दिसते आन शेजारच्याले दाखवेपर्यंत निघून जाते. बाप उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडे, त्याच्याआधी मोहफुलं वेचे, बाकीच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत धानाचं काम करे. मी सातवी शिकलो. मंग गोंदियाले राइस मिलमधी लागलो, मेटॅडोरवर हमाल म्हून चढलो आन तीन वर्षांनी त्याच मेटॅडोरवरून ड्रायव्हर म्हून उतरलो. तवापासून गाडीच चालवून राहिलो, सव्वीस वर्षं झाली. ट्रक चालवला, डॉक्टरची गाडी चालवली, वऱ्हाडाच्या बसा चालवल्या, आता एका ट्रॅव्हल्सवाल्याची सात सीटची गाडी चालवतो. बिरसीले विमानतळावर मानसं सोडतो, प्रतापगडच्या जत्रेले नेतो, बालाघाट, रायपूर, नागपूर सारं पाठ हाय. पन माह्या नावाची गाडी एकही नाही झाली. मोटरसायकल हाय एक, पन तिले कोनी गाडी म्हनते काय?

आता मुद्द्यावर येतो, सर, तुमी लिहून घ्या. माही बायको शकुन नेहमी म्हनते, तुमी स्टेअरिंगवर सरळ चालता आन तोंडानं वाकडे.

तं आमच्या मामीचं सांगतो. मामी म्हंजे शकुनची माय, माही सासू. मामाजी लवकर गेले, पोरगा नाही, दोघी पोरीच, शकुन आन छाया. मी शकुनले पाहाले गेलो तवा माह्या अंगावरचा शर्टही मित्राचा होता. लोकाईनं मामीले सांगतलं, हमाल हाय तो, कायले पोरगी देतेस? मामी म्हने, हातपाय धड हाय, नजर खाली हाय, बाकी होईन हळूहळू. तवापासून मामीच्या घरी माहा मान पहिला. मोठा जावई. अंगनात गेलो का पहिले माह्या पायावर पानी, मंग दुसऱ्या कोनाच्या. सर, हे तुमाले लहान गोष्ट वाटन, पन ज्याले जगात कुठंच पहिला नंबर नाही त्याले इचारा.

मंग छायाचं लग्न झालं खेमराजसंग. खेमराज माहा साडभाऊ, म्हंजे साडू, आमगावले त्याचं खत-बियान्याचं दुकान हाय. मानूस वाईट नाही. वाईट असता तं मले सोपं गेलं असतं. मले भाऊ म्हनते, भेटला का वाकून पाया पडते, आन तरी तो मोबाइल खिशातून काढे तं मले वाटे माह्यापेक्षा मोठा काढला, तो हसे तं वाटे माह्यावरच हसला. शकुन घरी येऊन सांगे, छायानं नवा फ्रिज घेतला, छायाच्या पोरानं इंजिनिअरिंगले अॅडमिशन घेतली. मी म्हनो, बरं झालं. आन त्या दिवशी भाजीत मीठ कमी असो का जास्त, मी भांडो.

दोन वर्षांपहिले खेमराजचा फोन आला. भाऊ, गाडी घ्याची हाय. मामीचे गुडघे गेले, दर मंगळवारी गोंदियाले शेकाले न्या लागते, बसमधी चढता येत नाही त्याईले. डिक्कीवाली घ्याची म्हन्तो, मागं मामी आरामात बसन, डिक्कीत सामान राहीन. तीन गाड्या पाहून ठेवल्या, तुमी चला, चालवून पाहा. मले काय समजते, मी पंधरा दिवस क्लासमधी गाडी शिकलेला मानूस. तुमी म्हनान तेच घेऊ.

मी इचारलं, जरा उंच जीपसारखी काऊन नाही घेत गा, आपल्या रस्त्याले बरी. तं मागून छायाचा आवाज आला, नको वो भाऊजी, ते भाड्याची वाटते.

भाड्याची वाटते. सर, मी भाड्याचीच तं चालवतो. तिनं मुद्दाम नाही म्हनलं, मले पक्कं माहीत हाय. पन ते वाक्य जे आत गेलं, ते गेलं.

रविवारी आमी तिघं निघालो, खेमराज, छाया आन मी. एका दिवसात तीन शोरूम. पहिली गाडी चांदीच्या रंगाची. क्लच लोन्यासारखा हलका, पन उड्डानपुलावर चढवली तं तिले दम लागला, एसी बंद केला तवा कुठं उचलली. मागची सीट अरुंद. ते बाद झाली. दुसरी पांढरी. तिचं इंजिन जरा वरडे, आत प्लास्टिक साधं, दरवाजा लावला का डब्याचं झाकन लावल्यासारखा आवाज. पन सीट उंच. मानूस बसला का बसला, आन उठला का उठला. मी उकिडवा बसून गाडीच्या पोटाखाली हात घालून पाह्यला, मी नवी गाडी अशीच मोजतो, माही वीत जवळजवळ पुरी गेली. मनात म्हनलं, हेच. मामीसाठी हेच गाडी हाय.

मनात म्हनलं. तोंडानं नाही.

कारन मंग तिसरी आली, लाल. काय सांगू तुमाले, गाडी चालू हाय का बंद ते काट्यावर पाहून समजे. चौथ्या गिअरमधी टाकली आन बिरसीच्या रस्त्याले लावली, आजूबाजूले धानाच्या बांध्या, सरळ डांबर, गाडी अशी गेली का मले एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं आपन चालवून नाही राहिलो, आपल्याले कोनी नेऊन राहिलं. वरचं छप्पर उघडते. छाया मागून उभी राहून डोकं बाहेर काढून हसून राहिली होती. शोरूमची मॅडम बाजूच्या सीटवरून म्हने, अंकल जी, आप तो इस गाड़ी के लिए ही बने हो. मी म्हनलं, मॅडम, लेने वाले पीछे बैठे हैं. तेही हसली, खेमराजही हसला, आन मले स्टेअरिंग सोडून उतरून जावं वाटलं.

परत आल्यावर तिच्या पोटाखाली हात घातला. पांढरीपेक्षा चार बोटं कमी. सीट एवढी खाली का गुडघे छातीले येतीन. आन मामीच्या गावाच्या आधी नाल्यावर रपटा हाय, सिमेंटचा बुटका पूल, दर पावसाळ्यात त्याच्या काठचा मुरूम वाहून जाते आन लोक वरतून गोटे टाकतात, तिथं मोठा उंचवटा झाला हाय. चार मानसं बसवून ही लाल गाडी तिथून जानार नव्हती. हे त्या शोरूममधी फक्त मले माहीत होतं.

खेमराज म्हने, भाऊ, एकदा मामीच्या रस्त्यानं नेऊन पाहू काय? मॅडम म्हने, दस किलोमीटर से ऊपर अलाउड नहीं है सर. तं खेमराज म्हने, मंग मामीलेच आनू का इथं, बसवून पाहाले? मी म्हनलं, कायले म्हातारीले तरास देतेस गा, मी हाव ना. घे लाल, डोळे मिटून घे.

काऊन म्हनलं? सांगतो, लपवून काय करू. मले दिसून राहिलं होतं का गाडी रपट्यावर अडकली हाय, सारं गाव जमलं हाय, खेमराज घामानं ओला होऊन उभा हाय आन लोक म्हनून राहिले, तेजरामले बलवा, म्हंजे मले. ते मले पाहाचं होतं.

गाडी घेतली त्या दिवशी नारळ फोडला, रिबिन लावली, मोठी चाबी हातात देतात ना, ते देली. छाया म्हने, भाऊजी, तुमी काढा ना फोटो, तुमचा हात हालत नाही. मी काढला. त्या फोटोत सारे हायेत, शकुनही हाय. मी नाही.

पुढच्या मंगळवारी खेमराज आन छाया घरच्याईले घेऊन त्या गाडीनं मामीकडे येनार होते. मी मालकाले खोटं सांगून सुट्टी घेतली आन मोटरसायकलनं पहिलेच जाऊन बसलो. अकरा वाजता लाल गाडी नाल्यापाशी आली, समोरची चाकं उंचवट्यावर चढली आन मंग तो आवाज आला. पत्र्याचा नाही, खालून गोटा घासल्याचा, दात खाल्ल्यासारखा. गाडी पोटावर बसली. दहा मिनिटांत गाव जमलं. एक म्हने, जावईबापू, गाडी आनली का घसरगुंडी? दुसरा म्हने, छप्पर उघडते म्हनतात, उघडून उडून जा आता. आन तिसऱ्यानं म्हनलं, सर, बरोबर तेच म्हनलं, तेजरामले बलवा.

मी गेलो. सारी मानसं उतरवली, मागं दोघांले लोटाले लावलं, गाडी मागं घेतली, मंग सरळ न आनता तिरपी आनली, एक चाक चढलं का दुसरं, दुसरं उतरलं का तिसरं. पार झाली. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. खेमराजनं माहा हात धरला, म्हने, भाऊ, तुमी नसते तं काय झालं असतं. जे पाहाले आलो होतो ते सारं पाह्यलं. लय बरं वाटलं. खोटं नाही सांगत.

मंग मामी काठी टेकत अंगनातून आली. गाडीचा दरवाजा उघडला. तिनं एक पाय आत टाकला, आन सीट जिथं असन वाटलं तिथं नव्हतीच, आनखी खाली होती, तं ते धपकन पडली आन जे वरडली ते सांगता येत नाही. छाया धावली. तोंड पिवळं पडलं होतं मामीचं. खेमराज म्हने, मामी, राहू द्या, उद्या दुसरी गाडी करू. मामीनं पदरानं तोंड पुसलं, माह्याकडे पाह्यलं आन म्हने, गाडी तेजरामनं पाहून देली ना? मंग गाडी चांगलीच हाय, माहेच गुडघे खराब हाय. चला.

मी तिथून निघून मागच्या विहिरीवर जाऊन उभा राह्यलो.

त्याच आठवड्यात आमगावले दुकानात गेलो. खेमराज बियान्याच्या थैल्या रचून राहिला होता. मी म्हनलं, पांढरी चांगली होती गा, मले माहीत होतं, रपट्याचंही माहीत होतं, मामीच्या गुडघ्याचंही. मी जळलो म्हून लाल सांगतली. त्यानं हातातली थैली खाली ठेवली. म्हने, भाऊ, माह्यावर राग होता, समजलो. मामीवर कायचा राग होता तुमचा?

मी ते थैली उचलून बाकीच्याईवर रचली आन निघालो, सर.

जवळजवळ दोन वर्षं तो बोलला नाही. छायानं मामीसमोर तोंड नाही उघडलं, हे तिचे उपकार. पन मी मंगळवार नाही सोडला. मालकाले सांगून तो दिवस मोकळा केला, मोटरसायकलनं आमगावले जाओ, चाबी खेमराज न बोलता टेबलावर ठेवे, मी गाडी घेऊन मामीकडे जाओ. सीटवर कापसाची जाड गादी शिवून टाकली, शकुनले नाही सांगतलं, मीच शिंप्याकडे देली. मामीले शिकवलं, पहिले सीटकडे पाठ करून बसाचं, मंग दोन्ही पाय एकासंग आत घ्याचे, डॉक्टरच्या गाडीत पेशंट असेच बसवत होतो. रपट्यावर तिले उतरवत नाही मी, एकट्या तिच्या वजनानं गाडी टेकत नाही, तिरपी घेतली तं.

रस्त्यात लोक हात करत, तेजराम, नवी गाडी घेतली काय गा? मी म्हनो, साडभावाची हाय. दर मंगळवारी म्हना लागे. दर मंगळवारी मनाले लागे.

मंग यंदा दिवाळीनंतर चाबी ठेवता ठेवता खेमराज बोलला. म्हने, भाऊ, तुमाले कधी बरं नसलं तं मामीचं काय? मले शिकवा रपटा. आता तुमाले खरं सांगतो, पहिले दोन रविवार मी त्याले अर्धंच शिकवलं. तिरपं घे सांगतलं, पन कोनतं चाक आधी, ते नाही सांगतलं. तो घासे, उतरून पाहे, कपाळाले हात लावे. सव्वीस वर्षांत मले जे मिळालं ते एवढंच होतं ना, तेही देऊन टाकू? तिसऱ्या रविवारी त्यानं गाडी बंद केली, माह्याकडे न पाहता म्हने, भाऊ, अजून काही राह्यलं असन तं सांगून टाका. मी बाजूच्या सीटवरून खाली उतरलो, समोर जाऊन उभा राह्यलो आन हातानं दाखवलं, डावं पहिले, थांब, आता उजवं, आता सोड. गाडी आली. कुठंच नाही घासली.

मागच्या मंगळवारी तो एकटाच मामीले घेऊन गेला. मी कामावर होतो, पन दुपारी मामीनं फोन लावला, म्हने, खेमराजनं पोटातलं पानी नाही हालू देलं, तुह्यासारखीच चालवते आता. मी म्हनलं, बरं झालं मामी. या वेळी फोन ठेवून मी कोनाशीच नाही भांडलो, फक्त गाडीतच बसून राह्यलो, मागचं गिऱ्हाइक म्हने, भैया, चलना नहीं है क्या.

जळते अजून, सर. आता तं जास्त जळते, कारन मोठ्या जावयाकडे जे होतं तेही लहान्याकडे गेलं. पन मामी म्हातारी हाय, मंगळवार अजून लय येतीन, आन मी नसलो तरी ते गोंदियाले पोचन. खेमराजची गाडी चालो. तिले कुठं गोटा न लागो. हे म्हनाले मले दोन वर्षं लागली, तं तसंच लिहा, बदलू नका.