सुमनच्या पत्र्यावरचा दोडका

मला कुणाचं चांगलं बघवत न्हाई, असं माझी धाकटी जाऊ सुमन चाकूर गावभर सांगत फिरती. तर खरं काय झालं ते ऐका.

आमच्या दोघींची शिलाईची पत्र्याची शेडं एकाच भिंतीला लागून हायेत. भादव्यात उकाड्यानं माझ्या शेडात बसवत नव्हतं, आन् माझ्या बाया ब्लाऊज घेऊन तिच्याकडं जाऊन राहिल्या. "तिथं लई गार वाटतंय," म्हणायच्या. मी जळून कूलर आणला. त्या दमट हवेत त्यानं कापड ओलसर झालं आन् अंग जास्तच चिकचिक करायला लागलं.

शेवटी शिडी लावून तिच्या शेडावर बघितलं. सगळा पत्रा दोडक्याच्या वेलानं झाकलेला. वेल माझ्या मोरीवरचा, रोज पाणी घालणारी मी, आन् दोडके तिकडं.

तेवढ्यात सुमन खालून म्हणली, "अक्का, वेलाला पाणी कमी पडून राहिलंय बघा. दुपारी शेड जरा तापतंय."

मी तिथूनच वेलाचे शेंडे सोडवून सगळे माझ्या पत्र्यावर वळवले.

थोड्या दिवसांनी ती घाम पुसत माझ्या दारात आली. "अक्का, शेडात बसवत न्हाई हो."

"मग माझा कूलर घेऊन जा," मी म्हणलं.