लाल नळाचं गार पाणी

काम बरोबर करूनही माणूस बावळट कसा ठरतो, ऐका. मेहरूणच्या एका हॉटेलात नळ उघडताच गरम पाणी यावं म्हणून मी प्लंबिंग करताना ते पंपानं बॉयलर आणि पाइपांतून सतत फिरतं ठेवलं होतं. मे महिन्यात मालक नानांचा फोन. "साहेब, लाइनी उलट्या जोडल्या का? लाल नळाला गार पाणी, निळ्यानं पाव्हण्याचा हात भाजला."

सगळे पाइप तपासले. जोडणी बरोबर. माझं डोकंच चालेना.

"नाना, बॉयलर?"

"उन्हाळ्यात कोण लावतो? बंद शे."

तेव्हा उलगडलं. निळ्या नळाची टाकी गच्चीवर तापत होती, तळघरातल्या बंद बॉयलरमधलं पाणी थंडगार होतं.

"मग पंपही बंद करतो."

"अजिबात नको," नाना म्हणाले. "गार पाणी लगेच येतं."