कावेची रेघ

इराप्पा: पुसतो, अक्का, पुसतो! मागच्या दवाखान्यात या कावेपायी शिव्या खाल्ल्यात मी.

डॉ. विनुता: थांबा अज्जा, पुसू नका. नातीच्या पोटावर ही लाल मातीची काव कुणी ओढली?

इराप्पा: मीच. कुंभार आहे. धारवाडकडं कुणाला नागीण उठली की माझंच दार. फोडांभोवती रेघ मारली की पुढं सरकत नाही. पण या पोरीच्या अंगावर हरलो. चार महिने सरकतेच आहे. मास्तरांनी शाळेतून घरी धाडली, बाकीच्यांना लागेल म्हणे. शेजारीण विचारते, नाग कुणी मारलात, त्याचाच हा शाप.

डॉ. विनुता: गौरव्वा, हात वर कर बाळा. अज्जा, एकाभोवती एक अशा तीन रेघा कशा?

इराप्पा: आतली पहिली. मधला फोड सुकला, अन् कडेनं गोल नवे बसले, गजऱ्यासारखे. मग दुसरी मारली. पुन्हा तेच!

डॉ. विनुता: दरवेळी कडेनंच?

इराप्पा: दरवेळी.

डॉ. विनुता: मग ही नागीण नव्हेच! नागीण महिन्याभरात जाते, चार-चार महिने अशी कडेकडेनं फिरत नाही. तपासायला कातडीचा तुकडा काढला होता?

इराप्पा: फोडाचाच. कागद आला, काही कळत नाही म्हणून.

डॉ. विनुता: कसं कळेल? लगतची न फुगलेली कातडी हवी. तुमच्या शेवटच्या रेघेशेजारची. अन् ती नेहमीच्या बाटलीत नाही, मिठाच्या पाण्यात पाठवायची.

गौरव्वा: मी रडणार नाही. मग शाळेत सोडतील?

(महिन्यानं. गौरव्वा शाळेच्या कपड्यांत.)

इराप्पा: अक्का, साऱ्या गावाला सांगितलं! चमकणारा रंग घातला तशी भिंगाखाली पोरीच्या कातडीत हिरवी रेघ उजळली. नाग नाही, शाप नाही. अंगातले राखणदारच आंधळे होऊन घरच्यांना चावत होते.

डॉ. विनुता: अगदी बरोबर. अन् शाळा?

गौरव्वा: हे कुणाला लागत नाही, ही तुमची चिठ्ठी वाचून मास्तर स्वतः न्यायला आले. पहिल्या बाकावर बसते!

डॉ. विनुता: शाब्बास! गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत, अन् रक्त तपासायला दर वेळी यायचं. पण अज्जा, पोटावर ही रेघ अजून?

इराप्पा: गोळी सुरू केली त्या दिवशी मारली, रोज त्याच जागी गिरवतो. एकाही फोडानं ओलांडली नाही, अक्का. एकानंही नाही!

डॉ. विनुता: जिंकलात अज्जा. आता पुसा.

गौरव्वा: आज नको. शेजारच्या काकूला दाखवायचीय.