राणीच्या ओट्यावरची दुपटी

हसू नका हं, पण मी एका राणीच्या समाधीवर माझ्या लेकीची दुपटी वाळत घातली होती.

आणीबाणी उठली त्या साली ह्यांची बदली पेठला झाली. आमच्या खोलीत ऊन यायचं नाही, म्हणून मी ओढ्यावर दुपटी धुतली आणि काठच्या दगडी ओट्यावर पसरली. तेवढ्यात तिथे दिवा लावणारी म्हातारी आली. म्हणाली, "बाई, ही जुन्या राणीची समाधी हाय. पहिल्या बाळंतपणातच गेली ती, लेकरासकट."

बाळंतपणात गेलेली बाई, आणि माझी पोर तीन महिन्यांची! मी भराभर दुपटी गोळा करायला लागले. "आजी, माझ्या लेकीला काही बाधेल का हो?"

"काय नाय बाधत."

शेजारी राजाचाही ओटा होता, घोडा कोरलेला. मी विचारलं, "आणि त्यांच्या बाळाचा कुठाय?"

"तान्ह्या लेकराला कुठं ओटा असतो? पुरलं असंल इथंच कुठं, वर काटे टाकून. राजाचं झालं म्हणून काय?"

माझा पहिला मुलगा आठव्या दिवशी गेला. त्यालाही गावाकडे नदीकाठी असंच, जनावरांनी उकरू नये म्हणून वर बाभळीचे काटे टाकून पुरलंय. जागा मला कुणी दाखवली नाही.

म्हातारी म्हणाली, "वाळू दे गं. राणीच्या अंगावर लेकराचं दुपटं कधी पडलंच नाय."

मी गोळा केलेली दुपटी परत पसरली. एक सगळ्यांत ओलं होतं, ते मधोमध ठेवलं.