आजी, बटण तुटलंय

एक होती म्हातारी, एक होता तिचा शिंपी नातू, आणि एक होता साहेब, ज्याच्या तोंडात 'तसले' याखेरीज दुसरा शब्दच नव्हता... म्हातारी म्हणजे मीच, हसताय काय? तुम्हाला सांगते, त्या साहेबानं एचआयव्हीच्या तपासणीचं केंद्र काढलं आणि दारावर खाटेएवढी पाटी ठोकली. मला कुठं वाचता येतंय, नातवानं वाचून दाखवली : 'गुप्त तपासणी, तसल्या पुरुषांसाठी'. हात मेल्या! गुप्त, आणि पाटीवर? वर्षभरात आत गेलं कोण, तर एक मांजर! वर साहेब म्हणतो कसा, "काय करणार आजी, तसल्यांना स्वतःचीच काळजी नाही." तसले म्हणजे कसले रे बाबा? पुरुषावर जीव जडलेले पुरुष, एवढं म्हणायला जीभ झडते? माझा नातू त्यातलाच, आणि त्याच्याइतकी सरळ शिवण साऱ्या बाजारात नाही!

मग नातवानं आणि त्याच्या जोडीदारानं दुकानातच सोय केली. जोडीदार रीतसर शिकून आला, बोटाला टोचून थेंब कसा घ्यायचा ते. मापं घ्यायचा पडदा होताच. येणाऱ्यानं म्हणायचं, "बटण तुटलंय," की चला पडद्यामागे! ही खूण येणाऱ्या सगळ्या पोरांना ठाऊक, नाही ती एका मला. का? तर म्हणे आजीच्या तोंडात तीळ भिजत नाही!

एकदा दोघं कापड आणायला गेले, दुकानात मी एकटी. आला एक हमाल. वाळून काडी झालेला, अंगात कणकण. म्हणाला, "आजी, बटण तुटलंय." बघते तर सगळी बटणं शाबूत! म्हटलं, "अरे, जागेवर आहे की!" तो खाली बघत म्हणाला, "तरी... तुटलंय म्हणा." म्हणा तर म्हणा! एक ढिलं होतं, ते उपटलं, घट्ट लावलं आणि दिला पाठवून.

नातवानं आल्यावर ऐकलं आणि कपाळावर हात मारला, तेव्हा कुठं मला ती खूण कळली. "आजी! तीन महिने समजूत घालत होतो त्याची! आता परत येतोय कशाला?"

आठ दिवस दारात बसून वाट पाहिली हो त्याची. शेवटी चप्पल घातली, तडक त्याचं गोदाम गाठलं आणि पन्नास माणसांत ओरडले, "ए मुडद्या, तुझं बटण चुकीचं लागलंय, चल, परत लावते!" सगळे फिदीफिदी हसले, पण कळलं कुणाला? ज्याला कळायचं त्यालाच. आला मागोमाग.

थेंबात एचआयव्ही निघालं. जोडीदार त्याला दवाखान्यात घेऊन गेला, रांगेत सोबत बसला. आज तो रोज गोळी घेतो, दोन दोन पोती उचलतो आणि मला आजी म्हणून हक्कानं ओरडतो. एकाचे तीन नातू झाले, अजून काय पाहिजे?

आणि परवा दारात कोण? साहेब! म्हणाला, "आजी, बटण तुटलंय." मी काही विचारलं का? तसले म्हणजे कसले, अवाक्षर नाही! पडद्यामागे बसवलं, पाठीवर हात फिरवला, पाव तास धीर दिला, घाबरू नको लेकरा, गोळ्या असतात... तेव्हा बिचारा पोटावरचा उघडा सदरा दाखवत म्हणाला, "अहो, खरंच तुटलंय!"

खरंच तुटलं होतं हो. मग हळूच बोट पुढं केलं, "आलोच आहे तर..."

थेंब घेतला, साहेब धड निघाला. बटण मात्र लावायचं राहिलंच... हल्ली त्या कामाला सवड कुणाला आहे आमच्याकडं!